ठाण्याला सूर्य, बोरीबंदरला नेपच्यून

विश्वाच्या आकाराविषयी लिहिणारे बहुतेक जण शून्यांची लांबलचक रांग मांडतात आणि वाचकाने थक्क व्हावे अशी अपेक्षा ठेवतात. थक्क होणे सोपे असते, पण त्याने समजत काहीच नाही. एक कोटी आणि एक अब्ज या दोन संख्या ऐकल्यावर मनात उमटणारा भाव जवळजवळ सारखाच असतो. वस्तुतः दुसरी पहिलीच्या शंभरपट आहे. म्हणून ठाण्यात राहणाऱ्या माणसाला सोयीची अशी एक युक्ती मी करून घेतली. १६ एप्रिल १८५३ रोजी देशातली पहिली प्रवासी आगगाडी मुंबईच्या बोरीबंदरहून ठाण्याला आली, तो मार्ग सुमारे ३४ किलोमीटरांचा. सूर्यापासून नेपच्यूनपर्यंतचे सुमारे ४५० कोटी किलोमीटरांचे अंतर या ३४ किलोमीटरांत बसवायचे, सूर्य ठाणे स्थानकात ठेवायचा, नेपच्यून बोरीबंदरला न्यायचा आणि मधले ग्रह कुठे येतात ते पाहायचे.

या प्रमाणात सूर्याचा गोळा साडेदहा मीटर व्यासाचा होतो. बुध, शुक्र, पृथ्वी आणि मंगळ हे चारही ग्रह मुलुंड येण्यापूर्वीच आटोपतात. पृथ्वी ठाण्यापासून १.१३ किलोमीटरवर येते आणि तिचा व्यास जेमतेम साडेनऊ सेंटीमीटर भरतो. तिच्यापासून तीन मीटरांच्या आसपास अडीच सेंटीमीटरांचा चंद्र आहे आणि माणूस स्वतः आजवर जितक्या दूर जाऊन आला तो पल्ला साधारण तेवढाच. मीटरभर व्यासाचा गुरू भांडुपच्या आसपास भेटतो, शनीसाठी विक्रोळी ओलांडावी लागते आणि युरेनस पाहायला थेट शीव-माटुंग्याच्या दरम्यान उतरावे लागते. लोकलच्या प्रवाशाच्या अनुभवाच्या हे अगदी उलट आहे: येथे ठाणे-मुलुंडमध्ये दाटी आहे आणि कुर्ला, दादर, भायखळा ही सारी स्थानके ओस पडलेली आहेत.

या मार्गावरचा प्रकाशाचा वेग पाहिला की खरी गंमत कळते. अंतरे ज्या प्रमाणात लहान केली त्याच प्रमाणात वेगही लहान केला, तर प्रकाश ताशी जेमतेम सव्वाआठ किलोमीटरांनी, म्हणजे सावकाश धावणाऱ्या माणसाच्या गतीने, ठाण्याहून निघतो. पृथ्वीपर्यंत यायला त्याला आठ मिनिटे आणि काही सेकंद लागतात, बोरीबंदर गाठायला चार तासांहून अधिक. १८५३ सालच्या त्या गाडीने हेच अंतर साधारण तासाभरात कापले होते. या हिशेबाने तिने प्रकाशाला सहज मागे टाकले असते. १९७७ साली निघालेले व्हॉयेजर-१ हे यान सूर्यापासून आज सुमारे २,५०० कोटी किलोमीटरांवर आहे. आपल्या मार्गावर ते ठाण्यापासून सुमारे १९० किलोमीटर दूर, म्हणजे नाशिक मागे टाकून मनमाडच्या दिशेने कुठेतरी असेल. मानवनिर्मित वस्तूने गाठलेला हा सर्वांत लांबचा पल्ला आहे आणि त्याला जवळपास अर्धे शतक लागले आहे.

यानंतरचे स्थानक कोणते? सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा प्रॉक्झिमा हा नरतुरंग तारकासमूहात ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे. ठाण्याहून निघालेल्या आपल्या मार्गावर तो सुमारे ३ लाख किलोमीटरांवर येतो. सूर्य साडेदहा मीटरांचा करूनही, पृथ्वी तळहातावर मावेल एवढी करूनही, शेजारचा तारा जवळजवळ खऱ्या चंद्राच्या अंतरावर जातो. हिवाळ्यात ठाण्याच्या झगमगाटातूनही ठळक दिसणारा व्याध याच्या दुप्पट दूर आहे. आणि ज्या आकाशगंगेत हे दोघेही राहतात तिचा व्यास सुमारे १ लाख प्रकाशवर्षे. आपल्या प्रमाणात तो ७०० कोटी किलोमीटरांच्या वर जातो. नेपच्यूनच्या खऱ्या कक्षेचा व्यास ९०० कोटी किलोमीटरांच्या आसपास आहे. सूर्यमालेला लोकलच्या मार्गात बसवण्यासाठी केलेली प्रतिकृती आकाशगंगेपर्यंत पोहोचता पोहोचता स्वतःच सूर्यमालेएवढी होते आणि तिचा उपयोग संपतो.

कोणतीही उपमा घेतली तरी तिचे असेच होते. ती चार-पाच शून्यांपर्यंत साथ देते आणि मग हात सोडते. भास्कराचार्यांच्या संख्यामालिकेतले शेवटचे स्थान परार्धाचे, म्हणजे एकावर सतरा शून्यांचे. परार्ध मीटर म्हणजे साधारण साडेदहा प्रकाशवर्षे. त्यात व्याध मावतो, पण आपल्याला दिसू शकणाऱ्या विश्वाचा व्यास मीटरांत लिहायचा तर त्यापुढे आणखी नऊ-दहा स्थाने लागतात. तेवढे अंतर डोळ्यांपुढे उभे करणारी उपमा शोधण्याचा नाद मी सोडून दिला, त्याला एक संभाषण कारण झाले.

आमचे एक स्नेही ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातून निवृत्त होऊन वाशीला राहतात. सागर विहारला संध्याकाळी त्यांच्याबरोबर फेरी मारताना मी त्यांना माझा ठाणे-बोरीबंदरचा हिशेब मोठ्या उत्साहाने ऐकवला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला, भांडुपच्या गुरूला हसूनही दाद दिली आणि मग म्हणाले, “हे सगळं ठीक आहे हो, पण ती सव्वाचार प्रकाशवर्षं तुम्हाला सांगितली कुणी? आधी मोजपट्टी कुठून आली ते विचारा, मग आकड्याला नमस्कार करा.” गृहस्थांनी आयुष्यभर अणूंमधली अंतरे मोजली आहेत, त्यामुळे त्यांचा हा आग्रह मला स्वाभाविक वाटला. विश्वाचा आकार समजून घेणे म्हणजे तो डोळ्यांपुढे आणणे, असे मी तोवर धरून चाललो होतो. तो कुणालाच डोळ्यांपुढे आणता येत नाही. प्रत्येक अंतर त्याच्या अलीकडच्या कोणत्या अंतराच्या आधाराने मोजले गेले हे मात्र समजू शकते, आणि ते समजले की आकड्याला वजन येते.

पहिली पायरी पराशयाची. एक डोळा मिटून आणि मग दुसरा मिटून समोरच्या बोटाकडे पाहिले की बोट मागच्या भिंतीवर सरकल्यासारखे दिसते. पृथ्वी सहा महिन्यांत सूर्याच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाते, म्हणजे आपल्याला तीस कोटी किलोमीटर अंतरावरचे दोन डोळे मिळतात आणि जवळचा तारा दूरच्या ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर किंचित सरकतो. हे किंचित किती किंचित असते ते आपल्या रेल्वेमार्गावरूनच पाहावे: सव्वादोन किलोमीटर अंतरावरच्या दोन जागांवरून आठ लाख किलोमीटरांवरची वस्तू किती सरकली ते मोजायचे. फ्रीडरिक बेसेल यांनी १८३८ साली हंस तारकासमूहातल्या ६१ क्रमांकाच्या ताऱ्याबाबत नेमके हेच केले आणि एका अंशाच्या छत्तीसशेव्या भागाच्याही तिसऱ्या हिश्श्याएवढा कोन पकडला. तोवर तारे फार दूर आहेत एवढेच माणसाला ठाऊक होते. किती दूर, हे या मोजणीपासून कळू लागले. २०१३ साली सोडलेल्या गाइया यानाने याच पद्धतीने शंभर कोटींहून अधिक ताऱ्यांची मोजदाद केली. पद्धत तीच राहिली, कोन मोजण्याची बारकाई वाढली.

पण दुसऱ्या दीर्घिकांपुढे, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या इतर तारकासमुदायांपुढे, ही युक्ती हरते, कारण तेवढ्या अंतरावर कोन हाती लागेनासा होतो. पुढची पायरी हार्वर्ड वेधशाळेत छायाचित्रांच्या काचा तपासणाऱ्या हेन्रिएटा लेविट यांनी घडवली. दुर्बिणीवर पुरुष बसत आणि काचांवरचे ठिपके मोजण्याचे कष्टाचे काम अल्प वेतनावर स्त्रियांकडे सोपवले जाई, असा तो काळ होता. लेविट यांना ऐकूही फार कमी येत असे. मॅजेलनचे मेघ म्हणवल्या जाणाऱ्या शेजारच्या दोन छोट्या दीर्घिकांमध्ये त्यांनी तेज कमीजास्त होणारे शेकड्यांनी तारे नोंदवले आणि १९१२ साली छोट्या मेघातल्या अशा २५ ताऱ्यांवरून एक नियम मांडला: तेजाचे एक आवर्तन पूर्ण करायला ज्या ताऱ्याला अधिक दिवस लागतात तो तारा अधिक तेजस्वी असतो. हे सगळे तारे एकाच मेघातले, म्हणजे आपल्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावरचे, त्यामुळे दिसण्यातला फरक हा असण्यातलाच फरक आहे, हे त्यांनी ओळखले. माझ्या मते संपूर्ण खगोलशास्त्रातला हा सर्वांत देखणा तर्क आहे. आता ताऱ्याच्या लुकलुकण्याचे दिवस मोजायचे, त्यावरून त्याचे खरे तेज काढायचे, दिसणाऱ्या तेजाशी त्याची तुलना करायची आणि अंतर लिहून टाकायचे. लेविट १९२१ साली वारल्या. नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव सुचवण्याच्या विचाराने १९२५ साली स्वीडनहून एका गणितज्ञाचे पत्र आले, तेव्हा त्यांना जाऊन तीन वर्षांहून अधिक काळ लोटला होता.

त्यांचा नियम हाती घेऊन एडविन हबल यांनी १९२३ च्या ऑक्टोबरमध्ये देवयानीच्या तेजोमेघात असा एक तारा शोधला आणि तो मेघ आपल्या आकाशगंगेच्या बाहेर, सुमारे ९ लाख प्रकाशवर्षांवर आहे असे काढले. ठाण्याच्या गच्चीवरून देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, एवढा उजेड आपण करून ठेवला आहे. वांगणीच्या पुढे एखाद्या काळोख्या माळावर गेले तर धुरकट डागासारखी दिसते. आज तिचे अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे मानले जाते. हबल यांचा आकडा इतका कमी का आला? तेज बदलणाऱ्या या ताऱ्यांच्या दोन वेगळ्या जाती आहेत हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हते. ते वॉल्टर बाडे यांनी १९५२ साली दाखवून दिले आणि विश्वातली अंतरे एका फटक्यात दुप्पट झाली. मधल्या काळात मोठाच पेच पडला होता, कारण हबल यांच्या अंतरांवरून आणि दीर्घिका एकमेकींपासून दूर जाण्याच्या वेगांवरून विश्वाचे वय २०० कोटी वर्षांच्या आत येत होते आणि पृथ्वीवरचे खडक त्याहून म्हातारे निघत होते. शिडीची एक पायरी हलली की तिच्यावरच्या सगळ्याच हलतात.

आणखी दूर जायचे तर एका विशिष्ट प्रकारच्या अतिनवताऱ्याचा, म्हणजे स्फोट होऊन उजळणाऱ्या ताऱ्याचा, आधार घ्यावा लागतो, आणि त्याची कथा मुंबईच्या बंदरातून सुरू होते. १९३० साली सुब्रह्मण्यन चंद्रशेखर वयाच्या एकोणिसाव्या वर्षी मुंबईहून बोटीने इंग्लंडला निघाले आणि त्या प्रवासात त्यांनी विझत चाललेल्या ताऱ्याला इलेक्ट्रॉनांचा दाब कुठवर सावरू शकतो याचा हिशेब मांडायला घेतला. त्यातून पुढे निघालेली मर्यादा सूर्याच्या सुमारे १.४ पट वस्तुमानाची आहे. शेजारच्या ताऱ्याकडून द्रव्य ओढून घेत एखादा श्वेत बटू, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला दाट गोळा, या मर्यादेजवळ आला की त्याचा स्फोट होतो, आणि असे स्फोट बऱ्याच अंशी सारख्या तेजाचे असल्यामुळे कोट्यवधी प्रकाशवर्षांवरूनही ते मोजपट्टीचे काम करतात. याच पट्टीने १९९८ साली दोन गटांनी विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढत आहे असे दाखवले. या गोष्टीतला खरा चमत्कार मला वेगळाच वाटतो. दोन इलेक्ट्रॉन एकाच स्थितीत राहू शकत नाहीत हा अणूच्या पोटातला नियम, आणि त्यावर बेतलेल्या पट्टीने विश्वाचा पसारा मोजला जातो.

या पसाऱ्यात आपली आकाशगंगा लानियाकिया नावाच्या महासमूहात येते, ज्याची व्याप्ती सुमारे ५२ कोटी प्रकाशवर्षे आहे. २०१७ साली पुण्याच्या आयुका आणि आयसर या संस्थांमधल्या संशोधकांनी मीन राशीच्या दिशेला, सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षांवर, त्याहूनही मोठा महासमूह शोधून त्याला सरस्वती हे नाव दिले. त्याची लांबी सुमारे ६० कोटी प्रकाशवर्षे असून त्यात दीर्घिकांचे किमान ४३ समूह आहेत. याच्यापुढे पाहू लागले की रचना एकसारखी होत जाते, तिच्यातले चढउतार सपाट होतात आणि मग कडा येते. ही कडा विश्वाची नव्हे, आपल्या दिसण्याची. विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे आणि दृश्य विश्वाचा व्यास ९,३०० कोटी प्रकाशवर्षे, हे दोन आकडे शेजारी ठेवले की कुणीही विचारील की १,३८० कोटी वर्षांत प्रकाश इतक्या दूरवरून आला कसा. तो आला तो आजच्या या अंतरापेक्षा कमी अंतर कापून. पण तो वाटेत असताना मागची जागाही ताणली जात राहिली आणि ज्या द्रव्याने तो सोडला ते आज ४,६०० कोटी प्रकाशवर्षांपर्यंत जाऊन पोहोचले आहे.

येथवर आले की लेखक सहसा माणसाच्या क्षुद्रतेवर एक परिच्छेद लिहितात. मला ते कधीच पटलेले नाही. आकार हा जर थोरवीचा निकष धरायचा, तर माणसाच्या शरीरात दृश्य विश्वातल्या एकूण ताऱ्यांच्या किमान हजारपट अणू आहेत, म्हणजे खाली पाहून तितकाच गर्व वाटायला हवा. तो कुणाला वाटत नाही, आणि वाटू नये. वर पाहून लाजायचे आणि खाली पाहायचेच नाही, ही एक सवय आहे. तिला विनय म्हणण्याचे कारण नाही.

खाली पाहण्यासाठी ठाणे खाडीसारखी जागा नाही. हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत ऐरोलीच्या बाजूला रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात आणि त्यांचा गुलाबी पट्टा दुरूनही ओळखू येतो. हा रंग त्यांचा स्वतःचा नसून अन्नातून आलेला असतो. चोचीतल्या गाळणीत अडकणाऱ्या नीलहरित शैवालाच्या पेशी मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजाव्या लागतात, आणि त्यांच्यातले जे रंगद्रव्य पिसांत उतरते त्याचा एकेक रेणू साधारण ३ नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दशलक्षाव्या भागाच्या तिप्पट लांबीचा असतो. त्या रेणूच्या कण्यातले इलेक्ट्रॉन निळाहिरवा प्रकाश शोषून घेतात आणि उरलेला रंग खाडीच्या दुसऱ्या काठावर पोहोचतो.

तो रेणू मात्र कितीही चांगले भिंग लावले तरी दिसणार नाही, आणि याचे कारण भिंगाच्या दर्जात नाही. एर्न्स्ट आबे यांनी १८७३ साली दाखवून दिले की प्रकाशाने पाहायचे असेल तर त्याच्या तरंगलांबीच्या निम्म्याहून फार लहान बारकावे वेगळे ओळखता येत नाहीत, साधारण ०.२ मायक्रोमीटरपाशी, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्याही पाचव्या हिश्श्यापाशी, दार बंद होते. करोनाचा विषाणू या दाराच्या पलीकडचा होता, त्याचा आकार सुमारे ०.१ मायक्रोमीटर. पलीकडे जायला अधिक आखूड लहर हवी, आणि लहर जितकी आखूड तितकी तिची ऊर्जा जास्त. लहानात लहान गोष्ट पाहायला मोठ्यात मोठे यंत्र का लागते, याचे सगळे उत्तर या एका वाक्यात आहे.

क्ष-किरणांची लहर अणूंमधल्या अंतराएवढी आखूड असते. मुलुंड-भांडुपच्या पूर्वेला खाडीलगत जी मिठागरे आहेत त्यांतल्या खड्याचेच उदाहरण घेऊ, कारण १९१३ साली लॉरेन्स ब्रॅग यांनी क्ष-किरणांनी उलगडलेल्या पहिल्या रचनांत मिठाची रचना होती. मिठाच्या स्फटिकात सोडियम आणि क्लोरीन एकाआड एक, ०.२८ नॅनोमीटर अंतरावर बसलेले असतात. आता स्नेह्यांचा प्रश्न येथेही विचारावा: हे ०.२८ कुणी सांगितले? क्ष-किरणांच्या तरंगलांबीवरून स्फटिकातले अंतर काढावे, तर तरंगलांबी माहीत नव्हती. आणि ती काढायला आधी अंतर हवे होते. ब्रॅग यांनी हा पेच वजनकाट्याने सोडवला. मिठाची घनता माहीत होती, अणूंची सापेक्ष वजने माहीत होती आणि ठरावीक वजनाच्या मिठात किती अणू असतात हेही नुकतेच कळले होते. एका घन सेंटीमीटरात किती अणू मावतात हे काढले की प्रत्येकाच्या वाट्याला येणारी जागा आणि तिची बाजू आपोआप निघते. अणूंच्या त्या संख्येचा भरवसा झॉं पेरँ यांच्या १९०८ च्या सुमाराच्या प्रयोगांनी दिला होता. त्यांनी पाण्यात तरंगणारे डिंकाचे सूक्ष्म कण सूक्ष्मदर्शकाखाली थरांथरांनी मोजले आणि उंचीबरोबर ते किती विरळ होतात यावरून अदृश्य अणूंची गणती केली. डोळ्यांना दिसणाऱ्या कणांवरून अणूंची संख्या, तिच्यावरून मिठातले अंतर, त्यावरून क्ष-किरणांची लांबी आणि मग तिच्या आधाराने इतर असंख्य स्फटिक: शिडी येथेही आहे, फक्त ती उतरणीची.

वाशीच्या काठावरून खाडीपलीकडे जी ट्रॉम्बेची टेकडी दिसते तिच्या पायथ्याशी १९८५ पासून ध्रुव ही अणुभट्टी आहे. तिच्यातून काढलेल्या न्यूट्रॉनांच्या झोतांचा उपयोग पदार्थांतल्या अणूंची मांडणी तपासण्यासाठी होतो, कारण मंद केलेल्या न्यूट्रॉनची तरंगलांबीही अणूंमधल्या अंतराएवढीच असते. आमच्या स्नेह्यांची नोकरी यातच गेली. क्ष-किरणांना जड अणू चांगले दिसतात आणि हायड्रोजन जवळजवळ दिसत नाही, न्यूट्रॉनला मात्र हायड्रोजन उत्तम दिसतो, हे ते अशा आपुलकीने सांगतात की जणू एखाद्या गुणी विद्यार्थ्याविषयी बोलत आहेत.

अणूच्या आत शिरताना मी पुन्हा एकदा आपला रेल्वेमार्ग वापरतो, कारण तेथे तो अनपेक्षितपणे कामी येतो. रदरफोर्ड यांच्या सहकाऱ्यांनी १९०९ साली सोन्याच्या पातळ पत्र्यावर अल्फा कण सोडले, त्यांतले मोजके उलट फिरून आले आणि १९११ साली अणुकेंद्राची कल्पना मांडली गेली. हायड्रोजनच्या अणूचे केंद्र म्हणजे एक प्रोटॉन ठाण्यात ठेवला आणि इलेक्ट्रॉनचे नेहमीचे अंतर बोरीबंदरपर्यंत धरले, तर प्रोटॉनचा व्यास साधारण एक मीटर भरतो. सूर्य याच जागी साडेदहा मीटरांचा होता. म्हणजे अणू हा सूर्यमालेच्याही दहापट विरळ निघाला. मात्र येथे तुलना थांबवावी लागते, कारण इलेक्ट्रॉन हा ग्रहासारखा बोरीबंदरला उभा नसतो. तो त्या सगळ्या जागेवर संभाव्यतेच्या रूपाने पसरलेला असतो, त्यामुळे अणू रिकामा आहे असे सरसकट म्हणणेही बरोबर नाही.

प्रोटॉनची त्रिज्या सुमारे ०.८४ फेम्टोमीटर आहे (मीटरला दहाने पंधरा वेळा भागले की एक फेम्टोमीटर), आणि हा आकडाही सुखासुखी मिळालेला नाही: २०१० साली इलेक्ट्रॉनऐवजी म्युऑन हा त्याचा जड भाऊबंद बसवून केलेल्या हायड्रोजनच्या अणूवरून ती मोजली तेव्हा ती आधीच्या मान्य मूल्याहून सुमारे चार टक्क्यांनी कमी निघाली आणि त्यावर पुढे कित्येक वर्षे वाद चालला. प्रोटॉनच्या आतल्या क्वार्क नावाच्या कणांना आणि बाहेरच्या इलेक्ट्रॉनला काही आकार आहे का, हे जिनिव्हाजवळ उभारलेल्या २७ किलोमीटर परिघाच्या यंत्रानेही तपासले गेले आहे. एका मीटरला दहाने साधारण एकोणीस वेळा भागल्यावर जे उरते तेथवर त्याची नजर पोहोचते, आणि तेथवर तरी हे कण बिंदूसारखेच वागतात. सिद्धान्तातली सर्वांत लहान अर्थपूर्ण लांबी, म्हणजे प्लांक लांबी, पस्तिसाव्या भागाकारापाशी येते. तिच्याहून लहान काही पाहू गेल्यास त्यासाठी लागणारी ऊर्जाच इतकी एकवटेल की तेथे कृष्णविवर बनेल, असा तर्क आहे. एकोणीस आणि पस्तीस यांच्यामध्ये सोळा पायऱ्या आहेत आणि त्यांतल्या एकीवरही कुणी पाऊल ठेवलेले नाही. वरच्या दिशेने एका मीटरला सोळा वेळा दहाने गुणले तर एका प्रकाशवर्षाहून थोडे अधिक अंतर होते. न मोजलेली दरी एवढी रुंद आहे.

म्हणूनच, माणूस विश्वाच्या बरोबर मधोमध उभा आहे, हे अधूनमधून वाचायला मिळणारे वाक्य मला संशयास्पद वाटते. प्लांक लांबीपासून दृश्य विश्वापर्यंतच्या पायऱ्यांचा मध्य काढला तर तो ०.१ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे मानवी बीजांडाच्या आकारापाशी येतो. हे ऐकायला फार छान वाटते. पण प्रत्यक्ष मोजता आलेली सर्वांत लहान लांबीच खालचे टोक म्हणून घेतली, तर तोच मध्य साडेनऊ किलोमीटरांच्या जवळ, एव्हरेस्टच्या उंचीच्या थोडा पुढे जातो. मध्य हा विश्वाचा गुण नाही. शिडीची टोके आपण कुठे धरली त्यावर तो ठरतो.

वरच्या टोकाचेही तसेच आहे. विश्वाच्या प्रसरणाचा वेग अतिनवताऱ्यांच्या शिडीने मोजला तर दर ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागे सेकंदाला सुमारे ७३ किलोमीटर येतो, आणि विश्वाच्या बालपणातून उरलेल्या सूक्ष्मलहरींवरून काढला तर सुमारे ६७. दोन्ही मोजण्या काळजीपूर्वक केलेल्या आहेत आणि हा फरक अजून मिटलेला नाही. एखादी पायरी पुन्हा हलते आहे, की शिडी ज्या जमिनीवर उभी आहे तीच वेगळी आहे, हे ठरवायला तिसरी पट्टी उपयोगी पडेल. तिच्यासाठी एक उमेदवार साध्या हायड्रोजनमध्ये आहे.

हायड्रोजनच्या एकट्या अणूतला इलेक्ट्रॉन स्वतःभोवतीच्या फिरकीची दिशा कधीतरी उलटी करतो आणि त्या वेळी २१ सेंटीमीटर लांबीची रेडिओ लहर बाहेर पडते. एका अणूच्या वाट्याला ही घटना सरासरी एक कोटीहून अधिक वर्षांनी एकदा येते, पण अवकाशात हायड्रोजन इतका आहे की सूर सतत चालू राहतो. नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांच्या दुर्बिणीने हा सूर ऐकण्याचे काम अनेक वर्षे केले आहे, आणि तिच्या नोंदींतून सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी एका दीर्घिकेतून निघालेली ही लहर २०२३ साली ओळखली गेली. ओळखली तेव्हा ती २१ सेंटीमीटरांची उरली नव्हती. प्रसरणाने ताणली जाऊन ४८ सेंटीमीटरांची झाली होती. पहिल्या दीर्घिका घडत होत्या त्या काळातली लहर तर दोन ते तीन मीटरांपर्यंत ताणलेली असणार, म्हणजे तिची कंप्रता शंभर-दीडशे मेगाहर्ट्झच्या आसपास. याच पट्ट्यात आपली एफएम केंद्रे गाणी वाजवतात. ठाणे-मुंबईच्या जवळपास असा सूर ऐकू येणे शक्य नाही. त्यासाठीच्या नव्या अँटेना पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या जवळजवळ निर्मनुष्य मर्चिसन भागात उभ्या राहत आहेत, आणि त्या प्रकल्पात भारतही सामील आहे.